श्वास रोखायची तालीम

मुलीच्या अंगात लोह जास्त झालंय असं मी ऑफिसात सांगितलं, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्याने "वा, मग ताकद असेल भरपूर!" म्हणून माझं अभिनंदन केलं होतं. तेव्हापासून मी नीट समजावून सांगतो. तिला थॅलेसेमिया आहे. लहानपणापासून नेमाने रक्त चढवावं लागतं. प्रत्येक पिशवीबरोबर थोडं लोह येतं आणि गावाहून आलेल्या पाहुण्यासारखं परत जायचं नाव घेत नाही. आधी यकृतात पथारी टाकतं, मग हळूच हृदयाकडे सरकतं. हा आजार तिला आम्हा दोघांकडून निम्मा-निम्मा मिळालाय, त्यामुळे नवरा-बायकोला त्यावरून टोमणे मारायचीही सोय नाही.

साठलेलं लोह वर्षातून एकदा एमआरआयमध्ये मोजतात. पूर्वी त्यासाठी सुईने यकृताचा तुकडा काढायचे. आता यंत्र बाहेरूनच बघून सांगतं. यंदा मात्र आम्ही त्या यंत्राचा धसका घेतला होता. लोह बाहेर काढायची गोळी ती रोज सकाळी पाण्यात विरघळवून पिते. तिला परळला नोकरी लागल्यापासून घाईत बऱ्याच सकाळी गोळी राहून गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयात लोह दिसलं, तर पंप पुन्हा लावायचा."

पंप म्हणजे लोह काढायच्या औषधासाठी पोटाच्या कातडीखाली सुई आणि कमरेला डबी, रात्रभर. शाळेत असताना ती तशीच झोपायची, कूस बदलायची चोरी. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी तिने तो खोक्यात घालून स्वतः माळ्यावर भिरकावला होता.

यंत्रात असताना सांगतील तेव्हा श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर चित्र हलतं. मागच्या वर्षी तिला मध्येच खोकला आला होता. म्हटलं, गोळीचं जे झालं ते झालं, श्वास तरी आपल्या हातात आहे. रोज जेवण झालं की मी तिला समोर बसवून तालीम सुरू केली. "छाती भरून घे. अशी!" म्हणत मी गाल फुगवून दाखवायचो.

पहिल्या दिवशी बायको भांडी आवरून बाहेर आली आणि थबकली. "आता काय झालं? दोघं का फुगून बसलाय?"

उत्तर देणार कसं? श्वास रोखलेला. आमचं काहीतरी जोरदार बिनसलंय असं समजून ती परत आत गेली. मुलगी फिस्सकन हसली, तालीम बुडाली.

स्कॅनच्या दिवशी मी आणि मुलगी दादरच्या सेंटरवर पोचलो. बायकोने घरून तिच्या ओढणीला लावून दिलेल्या पिना, कानातलं, सगळं माझ्या खिशात जमा झालं. मुलगी आत गेली. मी बाहेर बाकावर बसलो. यंत्र चालवणाऱ्या मुलाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे माइकवरचं सगळं ऐकू येत होतं.

"श्वास घ्या. सोडा. आता रोखा."

सोडून रोखायचा? म्हणजे रिकाम्या छातीने! माझी सगळी तालीम उलटी होती. तिला ते कसं जमणार या काळजीने मीही श्वास सोडला आणि रोखला. तेवढीच तिला सोबत. यंत्र आत खडखडत होतं. "हां, नॉर्मल घ्या." घेतला. पुन्हा "सोडा. रोखा." पुन्हा रोखला. असं बराच वेळ चाललं. मग भिंतीवरचं घड्याळ पुसट व्हायला लागलं.

डोळे उघडले तेव्हा मी बाकावर आडवा होतो आणि तो मुलगा माझ्या तोंडावर फाइलने वारा घालत होता.

"काका, स्कॅन तुमचा नव्हता."

"तिचा कसा झाला?"

"एकदम झकास. एकदाही हलल्या नाहीत."

तेवढ्यात ती बाहेर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या वेळी मी एकटी येईन. पेशंट सांभाळायला जमत नाही मला."

घरी आलो तर सोफ्यावर पंपाचं खोकं. बायकोने माळ्यावरून काढून, पुसून ठेवलेलं. "लागलाच तर हाताशी असू दे," ती पुटपुटली. रिपोर्ट येईपर्यंत मुलगी त्या सोफ्यावर बसली नाही, टीव्ही उभ्यानेच बघायची.

रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांसमोर उघडला. यकृतात लोह वाढलं होतं. त्यासाठी तिला भरपूर बोलणी बसली आणि गोळ्याही वाढल्या. मग बाईंनी पान उलटलं. "हृदय स्वच्छ आहे. पंप नको. पण आता एकही सकाळ चुकवायची नाही."

घरी येऊन मी स्टूल घेतलं, खोकं डोक्यावर धरलं आणि माळ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, जुन्या कुकरच्या मागे ढकललं. स्टूल डुगडुगत होतं. खाली पेल्यात उद्यासाठी चमचा तयार ठेवत असलेल्या मुलीने वर पाहिलं.

"बाबा, झालं. श्वास सोडा."