पँटच्या पायातली बाटली

दारूच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एकाला काय हवं ते पक्कं ठाऊक असतं. तो बाटली घेतो, पिशवीत कोंबतो आणि शेजाऱ्याने पाहायच्या आत पसार होतो. दुसरा फळ्यांसमोर उभा राहून डोकं खाजवतो. चौकातल्या त्या अरुंद दुकानाच्या काकांचा जीव या दुसऱ्यावर. खिसा बेताचा, घरी माणसं जेवायला यायची आहेत आणि अब्रू राखायची आहे, असा कोणी दिसला की काका स्टुलावरून उठायचे आणि त्याला खालच्या फळीपाशी न्यायचे. महागडं सगळं वर काचेमागे होतं. खाली स्वस्तातल्या वाइन आणि आसपासच्या छोट्या भट्ट्यांमधल्या क्राफ्ट बिअर. पण स्वस्त आहे म्हणून कोणालाही तिथे जागा मिळत नसे. आधी घरून पास व्हावं लागे.

घरून म्हणजे काकूंकडून. काकांना स्वतःला चवीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते तसं बिनदिक्कत सांगतही. जीभ होती ती काकूंना. त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी मशीन लावून लोकांचे कपडे शिवायच्या, उसवायच्या, सैल करून द्यायच्या. संध्याकाळी मशीनवर झाकण पडलं की काका नवी बाटली घेऊन जिना चढायचे. बाटली एका पिशवीत असे. काकांच्या जुन्या पँटचा पाय कापून, तोंडाशी नाडी ओवून काकूंनीच ती शिवली होती, लेबल दिसू नये म्हणून. किंमत कळली की जीभ खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. काका दोन ग्लासांत थोडी थोडी ओतायचे आणि त्या बोलेपर्यंत आपल्या ग्लासाला हात लावायचे नाहीत.

काकूंची भाषा सगळी शिलाईची. ‘कापड साधं आहे, पण शिवण पक्की,’ असं म्हणाल्या की ती वाइन दुसऱ्या दिवशी खालच्या फळीवर. ‘वरून झगमग, आत अस्तरच नाही,’ म्हणाल्या की ती काचेमागे, श्रीमंतांसाठी. एका काळ्या बिअरला त्या ‘थंडीतला कोट’ म्हणाल्या होत्या, आणि ती त्याच नावाने खपायची. गिऱ्हाइकं येऊन सरळ विचारायची, काका, हिला अस्तर आहे का? घरी काय म्हणाल्या? वाइनवर जाडजूड शब्दांत बोलणारे लोक असतात, त्यांचं ऐकून तहान जाते. काकूंचं ऐकून तहान लागायची. त्या बोलल्या की काका एक घोट घ्यायचे, ‘बरोबर’ म्हणायचे आणि उरलेला ग्लास त्यांच्यापुढे सरकवायचे. सगळ्या संसारात काकांनी ग्लास कधी संपवला नाही. त्यांना खरं तर चहा आवडायचा.

मग काकू आजारी पडल्या. साधंसुधं दुखणं नव्हतं. औषधं रक्तात सोडायची, केस जायचे, माणूस अर्धा व्हायचा, असलं. तोंडाची चव जाईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. एखादा घोट घेतलेला चालेल का, असं काकूंनी मुद्दाम विचारून घेतलं, आणि चालेल म्हटल्यावर काकांकडे बघून हसल्या. चवीचं काय, असं काका दर दोन दिवसांनी विचारायचे. सगळं होतं तसं लागतं, असं त्या सांगायच्या. काकांनी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता त्यांना. मशीन बंद पडलं होतं, पण पिशवी रोज जिना चढत होती, म्हणजे घर अजून जागेवर आहे असं त्यांना वाटायचं.

त्याच दिवसांत दुकानाला माल देणारा एक दाढीवाला नवी बिअर घेऊन आला. गावाबाहेर एका शेडमध्ये त्याची भट्टी होती, माणूस सरळ, कामात चोख. गव्हाची फिकट बिअर होती. काकूंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि सांगितलं, ‘सुती सदरा. हलकी आहे, उन्हाळ्यात चालेल.’ काकांचं त्या दिवशी पोट बिघडलं होतं, त्यांनी ओठही लावला नाही. दुसऱ्या दिवशी खोकीच्या खोकी मागवली आणि येईल त्याच्या गळ्यात मारली.

आठवडा झाला नाही तोच बाटल्या परत यायला लागल्या. लोक भले होते, भांडले नाहीत, नुसती बाटली काउंटरवर ठेवायचे आणि नजर चुकवायचे. काकांचा पारा चढला. त्यांनी दाढीवाल्याला बोलावून चारचौघांत फैलावर घेतलं. नमुना चांगला द्यायचा आणि माल खराब पाठवायचा, हा धंदा नव्हे, असं बरंच काही बोलले. दाढीवाल्याने मान खाली घालून ऐकलं, एक बाटली उघडली, चाखली आणि तोंड वाकडं केलं.

‘पिंप नासलंय काका, चूक माझीच. पैसे परत करतो,’ तो म्हणाला. ‘पण तुम्हाला दिलेली बाटलीही याच पिंपातली होती. वेगळी कुठून आणू?’

काकांनी घोट घेतला. चवीतलं काही न कळणाऱ्या काकांनाही कळलं. शुद्ध व्हिनेगर होतं. ते मटकन स्टुलावर बसले. दाढीवाल्याला वाटलं, नुकसानीचा धक्का बसला.

तरी मन मानेना. काकूंनी चाखलेली बाटली चांगलीही निघाली असेल, असं मनाला समजावत त्यांनी संध्याकाळी तीच बिअर पिशवीत घातली आणि जिना चढले. असं करायला नको होतं, हे त्यांना ओततानाच कळलं. काकूंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

‘मऊ आहे,’ त्या म्हणाल्या. ‘धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीसारखी.’

त्यांनी दुसरा घोट घ्यायला ग्लास उचलला तेव्हा काकांनी तो हातातून काढून घेतला. आज मलाच तहान लागलीय, असं काहीतरी पुटपुटले आणि दोन्ही ग्लास घटाघट रिकामे केले. घसा जळत होता. ‘बरोबर,’ ते म्हणाले.

फळीवरची बिअर गुपचूप मोरीत गेली. दाढीवाल्याच्या शेडवर जाऊन काकांनी त्याची माफी मागितली, कारण मात्र सांगितलं नाही. पिशवी रोज वर जातच राहिली, फक्त आता तिच्यात जुन्या, कधीच पास झालेल्या बाटल्या असायच्या. काकू त्यांना नवे नवे कपडे चढवायच्या. काका ‘बरोबर’ म्हणायचे आणि खाली येऊन शटरमागे रडायचे.

शेवटी शेवटी काकूंना उठून बसवत नव्हतं. एका संध्याकाळी काकांनी चमचाभर वाइन त्यांच्या ओठांना लावली. चवीचं त्यांनी काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हणाल्या, ‘ती बिअर नासलेली होती ना?’

काकांनी चमचा खाली ठेवला.

‘तुम्ही ग्लास कधी संपवत नाही. त्या दिवशी दोन संपवलेत.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही पिशवी घेऊन जिना चढता ना, ते मला खालच्या पायरीपासून ऐकू येतं,’ काकू म्हणाल्या. ‘चव गेली म्हटलं असतं, तर तुम्ही रिकाम्या हाताने आला असता.’

त्या गेल्या. दुकान चालू आहे. खालची फळी विरळ झाली, पण दाढीवाला अजून नवं काही केलं की पहिली बाटली काकांकडे आणून ठेवतो. काका ती पिशवीत घालून वर नेतात, दोन ग्लास मांडतात, एकात ओतून पितात, आणि पूर्ण पितात. दुसऱ्या दिवशी बाटली फळीवर लागते. गिऱ्हाईक सवयीने विचारतं, काका, घरी काय म्हणाल्या?

‘आता मीच चाखतो,’ काका सांगतात. ‘मला बाकी काही कळत नाही. नासलेली नाही, एवढं मात्र नक्की सांगतो.’