मढच्या समुद्राने नेलेली पँट

मे महिन्यात शिरूर डेपोच्या बोरिवली गाडीत खिडकीजवळ जागा मिळायला पदरी पुण्य लागतं. आमच्या पदरी ते नव्हतं. दत्तू, बापू आणि मी मागच्या बाकावर आदळत-आपटत निघालो. दत्तूला मालाडला मुलगी पाहायची होती. आम्ही दोघे मित्र म्हणून, म्हणजे मुंबई फुकटात बघायला.

दत्तूचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. वडील, आमचे आबा, आता कांदा करतात. दत्तू सणसवाडीच्या कंपनीत पाळी करून शेत बघतो. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. मुंबईत वाढलेली मुलगी आपल्याकडे यायला कशी तयार होणार, या धास्तीने त्याने घोडनदीच्या शिंप्याकडून नवी पँट शिवून घेतली होती. तिची इस्त्री मोडू नये म्हणून पठ्ठ्याने निम्मी वाट उभ्यानेच काढली.

मालाडला सकाळीच पोचलो. चहा-पोहे संध्याकाळी होते. मग बस पकडून मढला समुद्र बघायला गेलो. किनाऱ्यावर जवळा (बारीक मासळी) वाळत घातलेला, वारा खारट आणि चिकट. बापू पिशव्या घेऊन झाडाखाली बसला आणि त्याने लगेच भाकरी-ठेचा सोडला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या कडेला उभा राहिलो. दत्तू मात्र पोहणारा गडी. त्याने कपडे काढून अगदी पाण्यालगतच्या खडकावर नीट घडी करून ठेवले. मी हटकलं, तर मलाच शिकवायला लागला.

"नदीला आपण असंच ठेवतो का न्हाई? लांब ठेवली की शेरडं खात्यात."

मढला शेरडं नव्हती, भरती होती. दत्तू पाण्यात सूर मारून दाखवत होता आणि मी कौतुकाने बघत होतो. एक कोळीण ओरडली, "ओ दादा, पानी चढतंय!" तोवर खडक बुडाला होता. शर्ट कपारीत अडकला म्हणून हाती लागला. पँट लाटांवर दोनदा दिसली आणि दिसेनाशी झाली. दत्तू कमरेएवढ्या पाण्यात नुसता उभा राहिला. मला हसू येत होतं, पण त्याचं तोंड बघून मी ते दाबलं.

बापूची पँट ढगळ, ती दत्तूच्या कमरेवर राहिना. शेवटी माझी त्याला दिली. ती घोट्याच्या वरच थांबली. मी बापूची लुंगी नेसलो.

संध्याकाळी मुलीच्या मामांनी माझी लुंगी पाहून मला वडीलधारा समजून खुर्ची दिली. मग त्यांची नजर दत्तूच्या घोट्यांवर गेली. बापूने गाडीत बॅग चोरीला गेल्याची कहाणी सुरू केली. ती चांगली रंगत होती. पण दत्तूने त्याला थांबवलं.

"चोरी न्हाई झाली मामा. समुद्रानं नेली. मला नदीवानीच वाटला."

पोहे घेऊन आलेली मुलगी खाली बघत म्हणाली, "तुमच्या नदीला उन्हाळ्यात पाणी असतं का?"

"नसतं," दत्तू म्हणाला. "डोहात थोडं ऱ्हातं. गावात टँकर येतो."

मी कपाळाला हात लावला. परतीच्या गाडीत आम्ही त्याला पुण्यापर्यंत फैलावर घेतलं. टँकरचं कशाला बोललास, आता कुठली येते ती, असं बापू पुन्हा पुन्हा म्हणत होता. दत्तू एकदाच म्हणाला, "तिला त्याच गावात ऱ्हायचं हाय ना." त्यावर बापूने टँकरचा विषय सोडला.

आठवडाभर आबा रोज वाण्याच्या दुकानातल्या फोनपाशी जाऊन बसायचे. फोन आला तेव्हा आम्ही तिघेही तिथंच होतो. आबांनी ऐकलं, "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवून दत्तूकडे वळले.

"पोरीनं निरोप दिलाय. म्हनली, पुढच्या वेळी कापडं वर ठेवायला सांगा."

दत्तूला कळायला जरा वेळ लागला. मग तो वाण्याच्या पोत्यावरच बसला.

मुंबईत काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर मला धड सांगता येत नाही. समुद्र पाहिला, पण लक्ष पँटकडे होतं. माझी ती आखूड पँटही मला परत मिळाली नाही. वहिनींनी ती लग्नाच्या शालूशेजारी ठेवली आहे.