पडद्यावर नसलेला मजकूर

"चूक झाली त थांबू नका. समोर चाला. चुका मोजाले मी बसलो आहो."

हे म्हणताना सर लाल पेनाच्या टोपणानं खुर्चीच्या पाठीवर दोनदा टकटक करायचे. टाइपरायटरवर मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या खुर्चीवर, आणि शेजारी संगणकावर परग्रहावरच्या लुटारूंशी लढणाऱ्या गड्याच्या खुर्चीवरही. त्यांच्या लेखी दोघंही विद्यार्थीच. दोघांनाही ते 'तुमी' म्हणत.

चिखलीत एसटी स्टँडमागच्या गल्लीत, खताच्या दुकानावरच्या खोलीत त्यांची टंकलेखन संस्था होती. नाव मोठं, खोली लहान. भिंतीला लागून सहा टाइपरायटर, मधोमध चार संगणक. टायपिंगला कोणी येईना तेव्हा सरांनी संगणक आणले. संगणकावर टायपिंग शिकायलाही कोणी बसेना तेव्हा त्यात गेम टाकले. जिन्याखाली पाटी होती: 'अर्ज, प्रतिज्ञापत्रे, करारनामे अचूक टाइप करून मिळतील.' 'अचूक'खाली लाल रेघ. ती रेघ उगाच नव्हती. सरांनी टाइप केलेला कागद तहसीलमधला बाबू परत वाचत नसे. सही करून पुढं सरकवायचा. असा माणूस तुमच्याही गावात एखादा असेल. त्याच्याकडे कधी नीट पाहून ठेवा.

मी तिथं पत्रकं टाइप करून घ्यायला जायचो. बाविशीत होतो. विद्यार्थी संघटनेनं मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: पत्रकाची पहिली ओळ थोबाडीत बसली पाहिजे आणि शेवटची ओरडून म्हणता आली पाहिजे. मधल्या ओळींचं कोणीच काही शिकवलं नव्हतं. मी सांगायचो, "वसतिगृहात महिनाभर पाणी नाही." सरांची बोटं थांबायची.

"हे तुमी पाह्यलं का आयकलं?"

"सगळे म्हणतात, सर."

"मंग तसं लेहू. 'सगळे म्हणतात.'"

"असं लिहिल्यावर पत्रकाला धार कशी राहणार?"

"धार कायले पायजे? कांदा चिराचा हाये काय?"

मी चिडायचो. पण ते 'सगळे म्हणतात' टाइप करायचे आणि मी ते वाटायचो. एकदाही आमचं पत्रक खोटं ठरलं नाही, त्याचं श्रेय आम्ही संघटनेला दिलं.

आता त्या गेमचं सांगतो. नाव लिहीत नाही. एका मोडक्या अंतराळयानाचा कप्तान, त्याचे चार सोबती, आणि यान चालवणारं एक जुनाट यंत्र. नुसती मारामारी नाही. लोक भेटतात, बोलतात, आणि आपण काय उत्तर देतो त्यावर पुढची गोष्ट वळते. बोलणं सगळं इंग्रजीत. आमच्यातल्या निम्म्यांना ते वाचता येत नव्हतं. सरांना तीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप करून इंग्रजी पाठ झालेलं. ते खुर्चीमागं उभे राहत आणि पडद्यावरचं आपल्या बोलीत सांगत. त्या यंत्राचं नाव उच्चारता येत नव्हतं, म्हणून सरांनी त्याला 'मावशी' केलं.

"मावशी म्हणून राह्यली, कप्तान, तुमी दोन दिवसांपासून जेवले नाई. आधी जेवा, मंग लढा."

आणि मावशी खरंच तेच म्हणत असायची. मी ताडून पाहिलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

बाजाराच्या दिवशी खोली भरायची. गजानन माळी कोथिंबिरीच्या जुड्या विकून थेट वर यायचा. तो पंचविशीचा, घरचा मळा बघणारा. मेहकरहून जीपनं वैशाली यायची. ती शिक्षिका होण्यासाठी शिकत होती आणि आमच्यात सगळ्यात चांगली खेळायची. लुटारूला सोडायचं की मारायचं, यावर हात वर करून मतदान. गजानन नेहमी सोडायच्या बाजूनं.

"काऊन बे, तुह्या घरचा हाये काय तो?" कोणीतरी टोमणा मारायचं.

"घरचा नाई. पण त्याचं उद्या कोठी काम पडलं त?"

पहिला भाग संपला तेव्हा मावशी जखमी होती आणि यान घराकडं वळलं होतं. ती घरी पोचते का, हे दुसऱ्या भागात होतं. दोन वर्षं वाट पाहिली. दुसरा भाग निघाला तेव्हा सरांनी अकोल्याहून अस्सल सीडी मागवली. कॉपी करून आणलेली त्यांना चालत नसे. "ज्यानं लेहलं त्याले कळू द्या, चिखलीत बी वाचून राह्यले."

आणि ती सीडी लावली.

आजही लिहिताना डोकं तापतं. माणसं गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतून चालत होती. एक सोबती मेला आणि पुढच्याच खोलीत उभा राहून बोलायला लागला. खेळ मध्येच बंद पडायचा, साठवून ठेवलेला डाव उघडायचाच नाही. पहिले चार तास अप्रतिम लिहिलेले, आणि मग जणू लिहिणाराच उठून गेला. मावशी तिसऱ्या ग्रहावर एका बंद दारापाशी अडकली. ते दार उघडतच नव्हतं. तिला सोडून पुढं गेलं की एकदम काळा पडदा, आणि बनवणाऱ्यांच्या नावांची यादी. संपलं. दिवाळीच्या विक्रीला माल पाहिजे म्हणून कापड अर्धं विणून मागावरून उतरवावं, तसला प्रकार.

सरांनी जुनं हजेरीबुक टेबलावर ठेवलं. "बोंबलू नका. मत लेहा."

लिहिलं की लोकांनी! 'मावशीले दारापाशी सोडून कोणी घरी जाते काय? बनवणाऱ्यायले लाज नाई.' हे गजाननचं. वैशालीनं लिहिलं, 'वाईट असता तर राग आला नसता. चांगला होता आणि घालवला, याचा राग आहे.' एकानं नुसती शिवी लिहिली होती. सरांनी तिला लाल गोल करून बाजूला लिहिलं, 'मत नाही.' आणखी एकजण म्हणत होता, तरी मी हा पुन्हा खेळणार, कारण असं बोलणारी माणसं दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाहीत.

सर स्वतः टायपिंगचा पेपर तपासावा तसा तो गेम तपासत बसले. एकेक चूक लिहून काढत. मी म्हणालो, "सर, ही सरळ फसवणूक आहे."

"फसवणूक पाह्यली का आयकली?"

"हे काय समोर आहे!"

"समोर चुका हायेत. फसवणूक नाई दिसत." त्यांनी पुढची चूक लिहिली. "परीक्षेत घंटा झाली का मी पोरायच्या मशीनमधून कागद वढून घ्याचो. अर्ध्या वळीवरून. नियम होता. कोणाचं तोंड पाहाचं नाई. हे लेहणाऱ्याच्या हातून बी कोणीतरी तसाच कागद वढला, भाऊ."

मला हे पटलं नाही. कागद ओढणाऱ्याचं नाव घ्यायला नको? मी घेणार होतो.

मधे महिना गेला. मग एका बाजाराच्या दिवशी सर स्वतः संगणकापुढं बसले. म्हणाले, "दार सापडलं. बसा सगळे."

पडद्यावर मावशी त्या बंद दारापाशी उभी होती. सरांनी तिच्यावर क्लिक केलं. खालच्या चौकटीत एकेक अक्षर उमटत एक ओळ आली. सरांनी वाचली:

"तुमी व्हा समोर, मी येतो मांगून."

पुन्हा क्लिक. पुन्हा ओळ उमटली. सरांनी वाचलं, "खरं सांगू काय कप्तान? मी येत नाई. मी जुनी झाली. माह्या वजनानं यान धरती सोडणार नाई."

पुन्हा क्लिक.

"मले मालूम हाये, मी मशीन आहो. पण घरातून सगळ्यात शेवटी जो निंघते, त्यालेच दिवा मालवा लागते. तेवढं काम माह्याकडं राहू द्या."

गजानननं बाहीनं नाक पुसलं. वैशाली खिडकीबाहेर बघत होती. मी सरांच्या खांद्यामागं उभा होतो आणि चौकटीतली ओळ वाचत होतो. दर वेळी तीच ओळ होती. तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून. ते यंत्र बिघडलं होतं. कितीही वेळा विचारा, ते तेवढंच म्हणणार होतं. सर त्यावर अर्धा तास वाचत राहिले. मावशीनं निरोप घेतला, लुटारू म्हणून ज्याला आम्ही मतदान करून सोडलं होतं त्यानं येऊन दार धरलं, यान उडालं. गजानन म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं काय, त्याचं काम पडंन म्हणून!"

ज्या माणसानं जन्मभर समोरच्या कागदापेक्षा एक अक्षर जास्त टाइप केलं नाही, त्याला हे करावं लागलं! माझं रक्त उसळलं. कंपनीविरुद्ध याहून मोठा पुरावा कोणता? मी घरी येऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'खेळाडूंची घोर वंचना.' हजेरीबुकातली मतं घातली, मागण्या घातल्या. आणि मध्ये एक ओळ: 'शेवट इतका अपुरा, की येथील टंकलेखन संस्थेच्या सरांना पडद्यावर नसलेला मजकूर मनाने रचून वाचून दाखवावा लागला.'

पुढच्या बाजारापर्यंत पत्रक हातात हवं होतं. सर टाइप करताना दर ओळीला थांबतील, म्हणून मी ते थेट छापखान्यात दिलं. एवढंच केलं मी.

सातासमुद्रापलीकडच्या कंपनीविरुद्ध चिखलीच्या बाजारात पत्रक वाटणारा मीच पहिला असेन. कंपनीला त्याचं काय? पण बाजारातल्या माणसाला ना तो गेम माहीत, ना ती कंपनी. त्याला त्या कागदावर ओळखीचा एकच माणूस दिसला.

आठवड्याभरानं मी वर गेलो, तेव्हा साखरखेर्ड्याकडचे एक म्हातारे बाबा वाटणीचं प्रतिज्ञापत्र करून घ्यायला बसले होते. दर वर्षी येणारे. ते म्हणाले, "सर, मी सांगतो तेच लेहा हं. मनचं घालू नका."

वाईट हेतूनं नव्हते म्हणाले. हसूनच म्हणाले. सरांची बोटं कळांवर तशीच राहिली. मग त्यांनी टाइप केलं, कागद काढला आणि बाबांना अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. तीस वर्षांत त्यांच्यावर कधी वाचून दाखवायची वेळ आली नव्हती. पुढं तहसीलमधला बाबूही सरांचे कागद वाचायला लागला. मग लोक म्हणाले, बाबूला वाचावाच लागतो तर स्टँडसमोर टाइप करणाऱ्या पोराकडूनच घेऊ. बाजाराच्या दिवशी खोली भरेना. टायपिंगच्या दोन मुली होत्या, त्यांच्या घरच्यांनी दुसरा क्लास लावला.

मी गजाननला गाठलं. त्याच्या मळ्यात, तो मेथीला पाणी देत होता.

"तू काऊन येत नाहीस आता? तुला फसवल्यासारखं वाटतं का?"

त्यानं फावडं टेकवलं. "वळ तीच होती हे मले बी दिसत होतं. इंग्लिश येत नाई, पण डोळे त हायेत ना बे! वैशालीले त दुसऱ्या क्लिकलेच समजलं."

"मग?"

"मंग काय? तू छापलं. छापल्यावर मले माहीत नाई असं कसं करू? तिथं बसलो त मी येडा, नाई त ते खोटे. दोघायले बी तोंड दाखवाले जागा ठेवली नाई तू."

त्याच दुपारी मी सरांकडं गेलो. खोलीत कोणी नव्हतं. टाइपरायटरांवर झाकणं घातलेली. टेबलावर माझं पत्रक होतं, आणि त्यावर आडवं लाल पेन. मला वाटलं, कागद गोलांनी भरलेला असेल. एकही गोल नव्हता.

"सर, मी ते कंपनीविरुद्ध लिहिलं होतं."

"हाव. समजलं मले."

"ती ओळ... चुकली."

त्यांनी पेन उचललं, त्या ओळीपाशी नेलं आणि विचारलं, "हे तुमी पाह्यलं का आयकलं?"

"पाहिलं."

"मंग याच्यात चूक नाई," सर म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. त्यांनी चहा मागवला.

दिवाळीनंतर पाटी उतरली. सर लेकीकडं राहायला गेले. कोणत्या गावी, ते गजाननला माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायचं तोंड मला नव्हतं. जाताना त्यांनी हजेरीबुक आणि ती सीडी त्याच्याकडं दिली होती. वर्षभरानं त्यानं ती दोन्ही माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "तुह्यासाठीच असंन हे." हजेरीबुकात सगळ्यांच्या मतांखाली, शेवटी, सरांच्या अक्षरात परीक्षकाचा शेरा होता: 'चुका मोजल्या. मजकूर चांगला. वेळ कमी मिळाला.' खाली सही.

मी अजून पत्रकं लिहितो. लोक म्हणतात, तुमच्या पत्रकात 'सगळे म्हणतात' फार येतं.

परवा एका जुन्या संगणकावर ती सीडी चालली. तिसऱ्या ग्रहावर मावशी अजून त्या दारापाशी उभी आहे. मी क्लिक केलं. एकेक अक्षर उमटत ओळ आली: तुम्ही व्हा पुढं, मी येते मागून. मी तोंड उघडलं. पुढचं काही वाचता येतं का, पाहिलं. मग पुन्हा क्लिक केलं. ती तेच म्हणाली. मी मागं वळून पाहिलं; खुर्चीच्या पाठीवर कोणाचा हात नव्हता.