शोधात न येणाऱ्या पशुसख्या

धारूरच्या डोंगरात मेंढरांमागे वाढलेली उज्ज्वला बीडमध्ये नेमकं काय काम करते, हे तिच्या वस्तीवर कुणाला धड सांगता येत नाही. तिच्या आईला, ताराबाईला विचारलं तर ती म्हणते, "कंपुटरात हुडकायचं काम करती आमची पोरगी." याहून चांगलं उत्तर मलाही सुचत नाही.

दिवाळी झाली की ताराबाई आणि उज्ज्वलाचे वडील म्हाळू मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि गोदावरीच्या अंगाला, गेवराईकडे मुक्काम टाकायचे. शेतकरी आपल्या रिकाम्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, रानाला खत मिळायचं आणि यांना दाणे. उज्ज्वलाला मात्र ताराबाईनं मामीच्या घरी शाळेला ठेवलं. "ही आली न्हाई तर कोकरं कोण बघंल?" असं म्हाळूंनी विचारलं, तेव्हा ताराबाई म्हणाली, "मी बघते. ती शिकंल." पुढं अंबाजोगाईला कॉम्प्युटरची पदवी झाली आणि बीडच्या बसस्थानकामागच्या एका छोट्या कंपनीत तिला नोकरी लागली.

या कंपनीनं सरकारसाठी जिल्ह्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांची आणि पशुसख्यांची निर्देशिका तयार केली होती. पशुसखी म्हणजे गावातलीच बाई, जनावराला लस टोचायला, औषध पाजायला शिकलेली. मदतीच्या नंबरवर फोन आला की करिष्मा नावाची मुलगी तो घ्यायची. तालुका कोणता, जनावर कोणतं, एवढं विचारून ती अटी टाकायची आणि त्या अटींत बसणारी नावं समोर यायची. ही नावं शोधून आणणारा भाग उज्ज्वलाकडे होता. त्या कामात तिचा जीव रमायचा. एखादी नोंद असूनही शोधात आली नाही की तिला चैन पडत नसे.

यंदा थंडी सरता सरता कंपनीत एक मागणी आली. रजेवरच्या डॉक्टरांना फोन लागतात आणि लोक चिडतात, तेव्हा रजेवर असलेल्यांना वगळा. उज्ज्वलाचे वरिष्ठ सोमेश्वर सर यांनी शोधात एक नवी अट घातली, 'रजेवर नाहीत तेवढेच दाखवा'. अट साधी होती. कुणाला काही शंका आली नाही.

तीनेक दिवसांनी करिष्मा सकाळीच उज्ज्वलाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, गेवराईत मेंढ्यांसाठी कुणीच येईना शोधात. एक म्हातारबा दोनदा फोन करून ऱ्हायलेत. शेजारच्या कळपात देवी आल्यात म्हणे. मी काय सांगू त्यांना?"

मेंढ्यांना देवी येणं म्हणजे काय, हे उज्ज्वलाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आधी ताप, मग तोंडावर, शेपटीखाली फोड, आणि बघता बघता कोकरं आडवी. निरोगी कळपाला वेळेत लस मिळाली तरच तो वाचतो.

"नाव काय त्यांचं?"

"म्हाळू म्हणाले. मूळचे धारूरकडचे."

 उज्ज्वलानं लगेच आपल्या फोनवरून वडिलांना फोन लावला.

"आबा, मला कावून न्हाई सांगितलं?"

पलीकडं मेंढरांचा कालवा चालला होता. म्हाळू म्हणाले, "तू कामात असतीस. सरकारी नंबर हाय, त्याला लावला. त्या पोरीनं सांगितलं, तालुक्यात कुणीच न्हाई. आता कुणी न्हाई म्हणल्यावर काय करावं?"

"आपल्या मेंढरांना फोड हाईत का?"

"न्हाई अजून. वढ्याच्या पल्याड धर्मराजचा कळप हाय, त्यात दिसल्यात."

"मग तिकडं पाण्याला नेऊ नका. मी बघते."

तिनं निर्देशिका उघडली. गेवराईच्या पशुसख्यांच्या नोंदी समोर होत्या. पहिलंच नाव वत्सलाबाईंचं, फोन नंबरासकट. मग शोधात त्या का येत नाहीत? उज्ज्वलानं सगळ्या अटी काढल्या आणि एकेक पुन्हा घातली. तालुका गेवराई घातला, वत्सलाबाई आल्या. जनावर मेंढी घातलं, तरी होत्या. रजेवर नाहीत, ही अट घातली आणि सगळ्या पशुसख्या एका फटक्यात गायब झाल्या.

डॉक्टर सरकारी नोकर होते, त्यांच्या नोंदीत रजेची जागा भरलेली होती. पशुसख्यांना कुठली रजा? त्यांच्या नोंदीत ती जागाच मोकळी होती. 'ही रजेवर आहे का?' असं सॉफ्टवेअरला विचारलं की ते म्हणायचं, माहीत नाही. 'ही रजेवर नाही का?' असं उलटून विचारलं तरी उत्तर तेच, माहीत नाही. आणि ज्याचं उत्तर पक्कं 'हो' नाही, त्याला शोध सरळ बाजूला टाकत होता. गेवराईचे डॉक्टर नेमके त्या आठवड्यात रजेवर. त्यामुळं तालुक्यात लस टोचणारं माणूसच उरलं नव्हतं, निदान कॉम्प्युटरच्या लेखी.

"करिष्मा, रजेची अट काढून टाक आणि नावं घे," उज्ज्वला म्हणाली. वत्सलाबाईंना फोन तिनं स्वतःच लावला.

"आवं, आमी घरीच हाव की!" वत्सलाबाई म्हणाल्या. "दोन-चार दिसांपास्नं एक फोन न्हाई. मला वाटलं सगळी जनावरं ठणठणीत झाली. कुठं यायचं, सांगा."

करिष्मानं माजलगावच्या डॉक्टरांना गाठलं. ते लशीचा बर्फाचा डबा घेऊन निघाले. उज्ज्वलानं सोमेश्वर सरांना सगळं सांगितलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "माझ्या डोक्यातच आलं नाही. तू जा तिकडं. इथलं आल्यावर बघू." ती गेवराईच्या गाडीत बसली.

मुक्कामावर पोचली तेव्हा वत्सलाबाई आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी पदर खोचून तयार होत्या. मेंढरं जाळीच्या वाघरीत कोंडलेली होती. डॉक्टर लस भरून द्यायचे, बाया टोचायच्या आणि म्हाळू एकेक मेंढी मानेला धरून पुढं करायचे. उज्ज्वलानं ओढणी कमरेला बांधली आणि आत शिरली. लहानपणी सुट्टीत यायची तेव्हाची सवय हाताला अजून होती. एका दांडग्या मेंढ्यानं तिला धडक देऊन खाली पाडलं, तेव्हा ताराबाई एवढी हसली की तिच्या हातातली परात पडता पडता राहिली.

आबांचा कळप झाला, मग आसपासचे आणखी दोन कळप. धर्मराजच्या कळपातली आजारी मेंढरं डॉक्टरांनी वेगळी काढून दिली आणि उरलेल्यांना लस टोचली. उन्हं कलली तेव्हा ताराबाईनं सगळ्यांना भाकरी आणि ठेचा वाढला. वत्सलाबाई हात धुऊन म्हणाल्या, "पोरी, आमाला तुमच्या यंत्रातनं काढू नगा बरं. लई कष्टानं शिकलोय."

दुसऱ्या दिवशी कंपनीत मतभेद झाला. सोमेश्वर सरांचा उपाय झटपट होता. सगळ्या पशुसख्यांच्या नोंदीत रजेपुढं 'नाही' भरून टाकायचं. उज्ज्वला म्हणाली, "सर, आपल्याला माहीत नाही ते 'नाही' म्हणून कसं लिहायचं? उद्या एखादी बाळंतपणाला माहेरी गेली तर? आणि पुढच्या महिन्यात नवी अट आली की पुन्हा हेच होणार. नोंदी बरोबर आहेत. शोधाची समज बदलली पाहिजे."

"वेळ लागेल."

"लागू दे. तोवर ती अट बंद ठेवू."

सोमेश्वर सरांनी मान डोलावली. "लिही. मी तपासतो."

उज्ज्वलानं शोधाचा तो भाग मुळापासून नव्यानं लिहिला. वगळायची अट असेल तर पक्कं 'हो' असलेलाच वगळायचा. ज्यांची जागा मोकळी, ती नावं खाली दाखवायची आणि पुढं लिहायचं, 'फोन करून विचारा'. प्रत्येक तऱ्हेच्या अटीसाठी तिनं चाचण्या लिहिल्या. एक अट, दोन अटी, उलट अट, उलट अटीच्या आत आणखी एक उलट अट. सोमेश्वर सर मुद्दाम तिरपागडे प्रश्न घालायचे. दोनदा त्यांनी तिला पकडलं, दोनदा तिनं दुरुस्त केलं. शेवटी एका दुपारी पडद्यावर सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास झाल्या आणि सरच टाळ्या वाजवत उठले.

नवा शोध चालू झाला तेव्हा करिष्मानं हेडफोन काढून हाक मारली, "ताई, इकडं या!" नुसत्या गेवराईतच नव्हे, आष्टीत, पाटोद्यात, धारूरला, जिथं एरवी दोन-तीन नावं दिसायची, तिथं पडदा भरून नावं येत होती. कुणाची वयाची जागा मोकळी होती, कुणाची शिक्षणाची. कधीकाळी घातलेल्या अशाच अटींनी त्या बाया वर्षभर झाकून ठेवल्या होत्या. शिकलेल्या, तयार बसलेल्या, आणि कुणीही न बोलावलेल्या. त्या दिवशी करिष्मानं त्यांना एकामागून एक कामं दिली.

त्यांची निर्देशिका ज्या मोफत सॉफ्टवेअरवर उभी होती, त्यातही हीच चूक होती. सरांच्या सांगण्यावरून उज्ज्वलानं आपली दुरुस्ती ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांना पाठवली. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ती, त्यांनी बरीच उलटतपासणी केली. तिनं प्रत्येकाला चाचणी लिहूनच उत्तर दिलं. महिन्याभरानं दुरुस्ती स्वीकारली गेली आणि नव्या आवृत्तीबरोबर जगभर गेली. श्रेयाच्या यादीत नाव कसं छापायचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं देवनागरीत लिहून पाठवलं आणि ते तसंच छापून आलं.

म्हाळूंच्या कळपात एकाही मेंढीला फोड आला नाही. घाट चढून परत जाताना त्यांनी बीडला वाट वाकडी केली आणि घोंगडं खांद्यावर टाकून कंपनीचा जिना चढले. करिष्मानं त्यांना खुर्ची दिली, सोमेश्वर सरांनी चहा सांगितला. म्हाळूंनी खुर्ची लेकीच्या पडद्याजवळ ओढली.

"यात सगळ्या बाया हाईत?"

"सगळ्या हाईत, आबा."

"मग हुडक बरं वत्सलाबाईला."

उज्ज्वलानं गेवराई घातलं, मेंढी घातलं, रजेची अट घातली. नाव आलं. म्हाळूंनी सोमेश्वर सरांकडं वळून, जसं काही मेंढ्यांच्या बाजारात आपला सर्वांत उमदा मेंढा दाखवतायत तसं, ताठ मानेनं सांगितलं, "आमची पोरगी हाय ही."