कुलपावरचा लाल बाण

बावीस वर्षं मावशी शिलाईच्या कारखान्यात तयार शर्ट तपासत होत्या. उसवलेली शिवण दिसली की तिथे लाल बाणाचा स्टिकर लावायचा आणि दुरुस्त झाल्याशिवाय तो शर्ट पुढे सोडायचा नाही, हे त्यांचं काम. सुपरवायझरने कितीही डोळे वटारले तरी मावशी बधायच्या नाहीत.

मागच्या जिन्याच्या दाराला मात्र कायम कुलूप. माल चोरीला जाईल म्हणे! आत चारशे बायका आणि खाली उतरायला पुढचा एकच जिना. मावशींनी तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा मालक म्हणाला, "बघतो."

दूरदेशी हे शर्ट विकणाऱ्या कंपनीचे साहेब पाहणीला आले, त्या दिवशी मावशींनी त्या कुलपावरच लाल बाण चिकटवला आणि हाताची घडी घालून बसल्या. टेबलावर शर्टांचा ढीग साचला.

"बाई, आम्ही शर्ट बघायला आलोय. दार मालकाचं आहे," साहेब म्हणाले.

मावशींनी एका शर्टाची कॉलर उलटून त्यांच्या नाकासमोर धरली. "इथे नाव मालकाचं आहे का? तुमचं आहे. मग दारही तुमचंच. हा बाण निघेपर्यंत एकही शर्ट पुढे जाणार नाही."

साहेबांनी मालकाकडे पाहिलं. मालकाने किल्ली मागवली. ती ना वॉचमनकडे होती, ना ऑफिसात. शोधाशोधीत पाऊण तास गेला.

दार उघडल्यावर मावशी साहेबांना म्हणाल्या, "लिहा आता कागदावर. आग लागली असती, तर हा पाऊण तास आम्ही आतच अडकलो असतो."