पदरातला कापूस

धुळ्याच्या एका दवाखान्यात माझ्या वडिलांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. दम्यावर म्हणून त्याची बायको त्याला धोतऱ्याच्या पानांचा काढा द्यायची. या खेपेला गुण लवकर यावा म्हणून तिनं बियाही उकळल्या. ते विष डोक्यात चढलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, तोंडाला कोरड, बायकोचीही ओळख नाही. चादरीवरून, हवेतून तो दोन्ही हातांनी कापूस वेचत होता.

"आणखी घोटभर गेला असता तर हे वाचले नसते," डॉक्टर तिला म्हणाले. बियांचं ऐकून मलाही तिचा रागच आला होता.

वॉर्डबॉय त्याचे हात बांधायला आला, तशी ती मधे उभी राहिली. "येचू द्या त्यास्ले, भाऊ. वावर सरनं म्हंजे निजतीन."

मग तिनं खाटेला लागून पदर पसरून धरला. वेचलेलं सगळं तो मुकाट त्यात टाकू लागला. दुपारभर तिनं पदर खाली सोडला नाही.

संध्याकाळी त्यानं तिला ओळखलं, पाणी मागितलं. ती लगबगीनं उठली. पण आधी कोपऱ्यात जाऊन तिनं तो रिकामा पदर हलक्या हातानं ओतला.