घोंगड्याचे पाहुणे कलाकार

केबलच्या खोलीत चार जण बसले की किस्से निघतातच. एकानं एक सांगितला की दुसरा म्हणतो, "हे काहीच न्हाय," आणि त्याच्यावरचा सांगतो. चहा संपतो, किस्से संपत नाहीत. आमच्या घोंगड्याचे किस्से तर इंदापुरात अजून सांगतात आणि लोक पोट धरून हसतात. त्या हसण्यात मी कधी सामील होत नाही. मला अजून राग येतो. चित्रं माझी होती.

नव्वदनंतर गावोगाव केबल आली, तेव्हाची गोष्ट. मी नववीतून शाळा सोडली होती. दुकानांच्या पाट्या रंगवायचो, ट्रॉल्यांवर नावं घालायचो. सगळे मला पेंटर म्हणायचे. केबलचे मालक दिलीपशेठ एकदा म्हणाले, पुण्यामुंबईच्या पोरांना कार्टून बघायला मिळतं, मग आपल्या पोरांनी काय पाप केलंय? तू काढ.

मी घोंगड्या काढला. खांद्यावर काळी घोंगडी, हातात गोफण. घोंगडी झटकली की तो उडायचा आणि त्याच्या गोफणीचा दगड कधी चुकायचा नाही. कार्टून म्हणायचं एवढंच, चित्रं हलायची नाहीत. मी कार्डशीटवर चित्रं काढून टेबलावर एकामागून एक ठेवायचो. वर स्टँडला लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा खाली तोंड करून बांधलेला असायचा. माइकवर हणमंत सगळ्यांचे आवाज काढायचा. एरवी तो रिक्षात बसून साड्यांच्या सेलची जाहिरात पुकारायचा. दर रविवारी सकाळी दहा वाजता, फक्त दहा मिनिटं, थेट घराघरांत. दहा वाजून दहा मिनिटांनी पिक्चर लागायचा, त्यामुळं मिनिटभरही जास्त मिळायचं नाही.

घोंगड्याचा चेहरा माझ्या वडिलांचा होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आबांनी मेंढरं विकली, आम्ही गावाकडं शेतीला लागलो, आणि तेव्हापासून आबा जवळजवळ बोलायचेच बंद झाले. त्याआधी एकदा सुप्याच्या माळावर त्यांनी एकट्यानं लांडगे पळवून लावले होते. ती सगळी हकिकत मी चाळीस चित्रांत काढून ठेवली होती. माझी इच्छा एवढीच होती, की तो एपिसोड एकदा पुरा लागावा आणि आबांनी तो बघावा. मला दहा मिनिटं हवी होती. ती मिळेनात, कारण पाहुणे!

*

पहिला पाहुणा दिलीपशेठचा मेव्हणा. बारामतीला पाण्याच्या मोटारी विकायचा. एका शनिवारी खोलीत आला, चित्रं बघितली आणि म्हणाला, "दाजी, आमाला पण घ्या की ह्यात."

त्या रविवारची गोष्ट अशी होती, की एक पोरगं विहिरीत पडतं आणि घोंगड्या घोंगडीवर बसून खाली उतरतो. मेव्हण्याला एक चित्र देऊ, कडेला उभा करू, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत एकाची सात चित्रं झाली. मेव्हणा येतो, मोटर बसवतो, मोटर किती हॉर्सपॉवरची ते सांगतो, गॅरंटी सांगतो, जळली तर कुठं आणायची तेही सांगतो. विहीर कोरडी पडते आणि पोरगं पायऱ्या चढून आपलं आपण वर येतं.

घोंगड्यानं काय केलं? पाइप धरला. उडता येणाऱ्या माणसाला मी माझ्या हातानं पाइप धरून उभा केला. पुऱ्या दहा मिनिटांत त्याला एकच वाक्य होतं. हणमंतानं ते घोंगड्याच्या भरदार आवाजात म्हटलं, "मोटर चांगली हाय."

*

मेव्हणा दिसला म्हटल्यावर बाकीचे मागं राहतात होय? कुणी दवाखाना काढलेला, कुणी कुस्त्यांचं मैदान भरवणारा, कुणी नुसताच दिलीपशेठच्या ओळखीचा. आणि आमच्याकडं पाहुणा आला की त्याचा सत्कार आलाच. बोअर मारायचं मशीन आलं तरी आधी ड्रायव्हरच्या हातात नारळ देतात, मग जमिनीला भोक पाडतात.

एका रविवारी टोळासुर येणार होता. टोळासुर म्हणजे आमचा व्हिलन, डोंगराएवढा टोळ, सगळी ज्वारी खाऊन टाकणारा. पहिल्याच चित्रात तो शिवारात उतरला. तेवढ्यात दिलीपशेठनं सात नावांची चिठ्ठी पुढं केली. मी धीर करून म्हणालो, लढाईच्या मध्ये सत्कार कसा बसवायचा? ते म्हणाले, "मग लढाईच्या आधी घ्या. माणसं आल्याती, तशीच पाठवायची व्हय?"

घोंगड्यानं सात जणांना शाल आणि नारळ दिला. सात चित्रं, सात शाली. हणमंत एकेकाचं नाव, गाव, हुद्दा सावकाश वाचत होता. तोवर टोळासुर ज्वारीत तोंड वासून उभा. सहाव्या पाहुण्याला हणमंतही कंटाळला. चिठ्ठी खाली ठेवली आणि टोळासुराच्या खर्जातल्या आवाजात त्यानं विचारलं, "उरकलं का?"

लोकांना हे फार आवडलं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

सात जणांचा सत्कार झाला म्हणजे आठवा रुसणारच. आमचा आठवा म्हणजे रंगनाथतात्या, टोमॅटोचे मोठे बागाईतदार. सोमवारी सकाळी खोलीत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "दिलीपराव, तुमची वायर माझ्या पत्र्यावरनं जाती."

दिलीपशेठ म्हणाले, "जाती की तात्या, तुमचे उपकार हायत."

"आन् माझंच नाव न्हाय."

दुपारपर्यंत निम्म्या पेठेत टीव्हीवर नुसत्या मुंग्या! वायर पत्र्यावरून खाली आली होती. वर जायची एकच अट होती. तात्या पुढच्या रविवारी येणार, आणि शाल घेऊन गप्प बसणार नाहीत. टोळासुराला तेच मारणार. पाठीवरच्या पंपानं, औषध फवारून.

मी पुन्हा धीर करून दिलीपशेठच्या तोंडावर बोललो. म्हणालो, शेठ, व्हिलनला हिरोनं मारायचं असतं. ते म्हणाले, पेंटर, वायर तुझा हिरो वर टाकणार हाय का?

तात्यांनी टोळासुराला मारलं. चांगली सहा मिनिटं मारलं. पुढच्या रविवारसाठी मला प्रश्न पडला, आता व्हिलनच उरला नाही, गोष्ट कशाची सांगायची? मी ते दिलीपशेठना विचारलं. त्यांना प्रश्नच पडला नाही.

"व्हिलन न्हाय ना? मग नुसता सत्कारच ठिव."

*

एक कंत्राटदार पाहुणे होते. त्यांनी आपली चित्रं आधी मागवून घेतली. बघितली आणि परत पाठवताना निरोप दिला, माझं चित्र झकास आहे, पण त्या घोंगड्याच्या तोंडाकडं लक्ष जातं. त्याला पाठमोरा काढा.

मी त्या दिवशी आबांची पाठ काढली. अकरा वेळा.

*

मग शाळेचं गॅदरिंग आलं. स्टेजचा पडदा मी रंगवला होता, म्हणून मला बोलावलं होतं. मी मागच्या खांबाला टेकून उभा. वेषभूषा स्पर्धेत तिसरीतलं एक पोरगं घोंगडी पांघरून आलं. बघूनच माझा ऊर भरून आला. चला, एवढं सगळं करून पोरांना घोंगड्या कळला!

बाईंनी माइक त्याच्या तोंडापाशी धरला आणि विचारलं, "बाळ, तू कोण?"

"घोंगड्या."

"अरे वा. आणि तुझी पॉवर काय?"

पोरगं ताठ उभं राहिलं. घोंगडीतून नारळ काढला, बाईंच्या हातात दिला आणि ठणठणीत आवाजात म्हणालं, "मी सत्कार करतो."

सगळा हॉल हसला. त्याला पहिला नंबर मिळाला. मी पडद्याचे राहिलेले पैसेही न मागता निघून आलो.

*

मला समोरासमोर भांडता येत नाही. शब्द आत राहतात. पण ब्रश हातात असला की मी बोलू शकतो. गॅदरिंगनंतरच्या रविवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना मी एकच कार्डशीट कॅमेऱ्याखाली ठेवलं. त्यावर लाल रंगात, दुकानाच्या पाटीसारखं, ठळक लिहिलं होतं:

'आज घोंगड्या आजारी आहे. पाहुणे भरपूर आहेत.'

आणि खोलीला बाहेरून कडी लावून जिन्यावर बसलो. आत हणमंत होता. त्यानं माइक बंद केला आणि आतून विचारलं, पेंटर, मी ह्यावर बोलायचं काय? मी म्हणालो, काही बोलू नको. दहा मिनिटं सगळ्या इंदापुरानं ती पाटी बघितली.

सव्वादहाला दिलीपशेठ जिना चढून आले. तोंड लालबुंद. मला वाटलं, आता कामावरून गेलो. उद्यापासून पुन्हा ट्रॉल्या.

ते म्हणाले, "पाहुणे भरपूर हायत, एवढंच? नावं कोण लिवणार?"

ह्या माणसापुढं काय करावं ते मला कळेना. पण साडेदहाच्या सुमारास जिन्याखाली पोरं जमायला लागली. आधी तीन, मग दहा, मग जिना भरला. आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं कोणी जात नाही, म्हणून कुणी बिस्किटाचा पुडा आणला होता, कुणी दोन केळी. एका मुलीनं घरून डब्यात मऊ भात आणला होता. घोंगड्या कुठं झोपलाय, असं सगळी विचारत होती.

एकाही पोरानं पाहुण्यांची चौकशी केली नाही.

दिलीपशेठनं त्या डब्याकडं बघितलं. मग मला म्हणाले, "काय ते लांडग्याचं म्हणत होतास, ते लाव पुढच्या रविवारी. पुरी दहा मिनिटं. एकबी पाहुणा न्हाय."

मी त्यांना शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतली.

*

त्या रविवारी मी आबांना बाजाराला म्हणून इंदापूरला आणलं आणि थेट केबलच्या खोलीत नेलं. काय बघायचंय ते सांगितलं नाही. ते दारातून आत आले तसा हणमंत खुर्चीतून उठलाच. एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा टेबलावरच्या चित्राकडं. मग माझ्याकडं.

"पेंटर," तो हळूच म्हणाला, "ह्यो तर घोंगड्या हाय."

मी त्याला हात जोडून गप्प राहायला सांगितलं. पण हणमंताचं पोटच माइकचं. दहाला पाच कमी असताना पाणी प्यायला म्हणून खाली गेला, तिथं दिलीपशेठ ओळखीच्या चार जणांबरोबर चहा घेत बसले होते, आणि घोट घेऊन वर आला. आपण काय सांगून आलो ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण आता विचारायला वेळ नव्हता.

दहा वाजले. मी पहिलं चित्र ठेवलं. सुप्याचा माळ, खडकाळ, दिवस कलायला आलेला. दुसरं. तिसरं. आबा माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते. टीव्ही समोरच होता, पण ते टीव्हीकडं बघत नव्हते, सरळ टेबलावरच्या कागदाकडं बघत होते. पाचव्या चित्रात मेंढरं वाघरीत कोंडली. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. तिची गाठ मी बरोबर काढली होती. आबांनी बोट पुढं केलं, गाठीवर टेकवलं आणि काढून घेतलं. टीव्हीवर त्यांचं बोट सगळ्या गावाला दिसलं असणार.

बाराव्या चित्रात माळाच्या कडेला पहिला लांडगा दिसला. हणमंतही त्या दिवशी वेगळाच बोलत होता, ओरडत नव्हता. सोळाव्या चित्रात पाच लांडगे. विसाव्यात ते वाघरीपाशी आले, आणि घोंगड्यानं गोफणीत दगड घातला.

तेव्हाच दार उघडलं. दिलीपशेठ होते. एका हातात शाल, एका हातात नारळ. मागं मेव्हणा, त्याच्या मागं रंगनाथतात्या, आणखी दोघं, सगळे धुतलेले कपडे घालून रांगेत.

मी शपथेची आठवण करून द्यायला तोंड उघडलं.

"आरं पेंटर, हे पाहुणे न्हायत," दिलीपशेठ म्हणाले, "हे सत्कार करायला आल्यात. खरा घोंगड्या आपल्या दारात आन् आपुन बसून ऱ्हायचं?" आणि कॅमेरा आबांकडं वळवायला त्यांनी स्टँडला हात घातला. "आबा, दोनच मिनिटं. उभं ऱ्हावा."

माइक चालूच होता. सगळं इंदापूर ऐकत होतं.

आबा उठले नाहीत. त्यांनी मान वर केली नाही. दिलीपशेठचा स्टँडवरचा हात मनगटाला धरला आणि बाजूला केला. मेंढरं विकल्यापासून मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"बाजूला व्हा समदी. लांडगं वाघरीपाशी आल्यात."

दिलीपशेठ बाजूला झाले. मेव्हणा झाला, तात्या झाले, उरलेले दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. नारळ कुणाच्या तरी हातून निसटला आणि टेबलाखाली गेला.

मी एकविसावं चित्र ठेवलं.